हॉस्पिटलचा बर्फ

९ मे

नाना,

ठेंगू जिवंत आहे.

हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मग पुढे जा. बाबांनी तुला फोनवर सांगितलं ते खरं नव्हतं. ते खोटं बोलले असंही नाही. त्यांनी जे पाहिलं त्यावरून दुसऱ्या कोणाचा असा गैरसमज झाला नसता, बर्फवाल्याचाच होऊ शकतो.

तुझा फोन तेव्हापासून बंद आहे. गोदामात लावला तर मुकादम म्हणतो, कामावर आलेला नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या खोलीचा पत्ता ठेंगूला पाठवलेल्या बुटांच्या खोक्यावर होता, तोच घातलाय. त्या खोक्याबद्दल नंतर बोलू.

झालं ते असं. भर दुपारी मी कारखान्याच्या ऑफिसात फोनपाशी होते. सीझनमध्ये काय हाल असतात तुला माहीत आहे, फोन ठेवला की वाजतो. हॉस्पिटलमधून फोन आला, बर्फ पाठवा, फोडलेला पाठवा, असेल तेवढा पाठवा आणि आत्ता पाठवा. मी खिडकीतून बाबांना ओरडून सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोण गेलं?"

हॉस्पिटलचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला, तुझ्या कानात अजून असेल. शवागाराचं मशीन बंद पडलं, किंवा कोणाची माणसं लांबून यायची आहेत आणि तोवर थांबायचंय, तेव्हाच तिथे आपला बर्फ जातो. उभ्या आयुष्यात बाबांनी तिथे जिवंत माणसासाठी लादी नेलेली नाही. आईच्या वेळची लादीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने साच्यातून काढली होती. मी म्हटलं, कोण ते सांगितलं नाही, पण घाई आहे. त्यांनी क्रशर चालू केलं, गोणी भरल्या आणि टेंपो घेऊन स्वतःच निघाले, कारण ठेंगू जेवून येतो म्हणून गेला होता आणि परतला नव्हता. त्याच्या नावाने बोटं मोडतच गेले.

ठेंगू सापडला बसस्टॉपपाशी. शर्ट काढून फेकलेला, उन्हात सैरावैरा पळत होता आणि दिसेल त्याला सांगत होता की लाद्यांच्या आत माणसं अडकली आहेत, त्यांना बाहेर काढा. लोकांना वाटलं, प्यायलाय. पोलीस येईपर्यंत चार जण त्याला आडवा पाडून अंगावर बसून राहिले. त्यांना तरी काय माहीत. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा माणसाला दाबून धरलं की तो जिवाच्या आकांताने झटापट करतो आणि अंग आणखी तापतं. हॉस्पिटलात आणला तेव्हा ताप इतका होता की नर्सने थर्मामीटर बिघडला समजून दुसरा आणला. खिशात ओळख पटेल असं काही नव्हतं.

इतका ताप झटपट उतरवायचा एक उपाय आहे म्हणे. मृतदेह न्यायची जाड काळी पिशवी असते, चेनची. तिच्यातून पाणी गळत नाही. माणसाला तिच्यात झोपवायचं आणि गळ्यापर्यंत बर्फ आणि पाणी भरायचं. दुसरं टब वगैरे काही त्यांच्याकडे नाही. आधीच्या गोणी वॉर्डबॉयने आत नेल्या होत्या. बाबा खांद्यावर शेवटची गोणी घेऊन आत गेले तेव्हा त्यांना दिसली ती पिशवी, तिच्यात डोळे मिटलेला ठेंगू आणि त्याच्याभोवती आपल्याच कारखान्याचा बर्फ. त्यांनी गोणी खाली ठेवली. कोणाला एक अक्षर विचारलं नाही. हा माझा मुलगा आहे हेसुद्धा सांगितलं नाही. बाहेर येऊन टेंपोच्या पायरीवर बसले आणि तुला फोन लावला. तू घर सोडल्यापासूनचा त्यांचा पहिला फोन.

मग ऑफिसात येऊन मला सांगितलं. मी अनवाणीच धावले. दारातल्या नर्सला म्हटलं, मी बहीण, ताब्यात घ्यायला आलेय. ती म्हणाली, "ताब्यात काय घेताय? माणूस जिवंत आहे. बाजूला व्हा, आणि बर्फवाला ओळखीचा असेल तर आणखी मागवा."

तिथूनच बाबांना फोन केला. म्हणाले, उगाच माझी समजूत घालू नकोस. मी म्हटलं, समजूत राहू द्या, बर्फ आणा. आणला. गोणी रिकामी करता करता त्यांनी ठेंगूची छाती वरखाली होताना पाहिली. वळले आणि आणखी बर्फ फोडायला गेले.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. ठेंगू आता बरा आहे. एकदोन दिवसांत उठून बसेल आणि आपल्या डोक्यावर बसेल. पत्र मिळताच फोन कर.

ताई


१३ मे

नाना,

फोन केला नाहीस. पत्र मिळालं नसेल असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतेय. बाबांना समजूत घातलेली चालत नाही, मला चालते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. ठेंगू बरा नाही. जिवंत आहे, तेवढं खरं. पण श्वास मशीन देतंय, तो शुद्धीवर नाही. अंग इतकं तापल्यावर आणि इतकी झटापट झाल्यावर आतले स्नायू तुटतात, आणि तो सगळा गाळ मूत्रपिंडात अडकतो. त्याचं रक्त रोज मशीनने धुवावं लागतंय. तुला हे कळलं तर तू आणखी खचशील म्हणून लपवलं. आता वाटतं, लपवून तरी काय मिळवलं. म्हणून जसं आहे तसं लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणतात, वय लहान आहे, मूत्रपिंडं बहुतेक पुन्हा काम करू लागतील. बहुतेक, असं म्हणतात. मी तो शब्द धरून बसलेय.

आता खोक्याबद्दल. बूट ठेंगूला छान बसले होते. बुटांच्या आत कागदाच्या बोळ्यांखाली चकचकीत पुड्या होत्या, त्यावर कोंबड्याचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'झाडांसाठी, खाण्यासाठी नाही'. मी त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्या म्हणाल्या, झाडांचा यात काही संबंध नाही, कायद्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला असं छापतात.

तू काही न सांगताही मला आता बरंचसं कळलंय. ठेंगू थंडीत तुझ्याकडे राहायला आला होता आणि तुझ्याबरोबर पार्सलांच्या पट्ट्यावर उभा राहत होता. तिथे पाळीवर पाळी करणारे सगळेच कोंबडा घेतात. झोप येत नाही, भूक लागत नाही, माणूस भिंगरीसारखा काम करतो. तू घेत होतास, म्हणून त्याने घेतला. इथे आल्यावर त्याने मागितला आणि तू पाठवलास. तुला वाटलं असेल, मला काही झालं नाही तर त्याला काय होणार.

पण तो कशासाठी मागत होता हे तुला माहीत आहे का? फ्रिजच्या जमान्यात गोठलेलं पाणी वाहण्यात जन्म घालवणार नाही असं म्हणून तू गेलास. बाबा म्हणाले, मग नको वाहूस. एवढ्यावर तुमचं बोलणं संपलं, पण तुझं काम संपलं नव्हतं ना. ते ठेंगूने उचललं. स्वतःची पाळी संपली की तुझ्या साच्यांवर उभा राहायचा. मी म्हणायचे, अरे झोप. तर म्हणायचा, "नाना परत आला तर त्याची जागा रिकामी दिसायला नको, आणि नाही आला तर बाबांना कळायला नको." मला तेव्हा हसू आलं होतं.

हॉस्पिटलने त्याची लघवी तपासली, त्यात काहीच निघालं नाही. कोरी. मी तावातावाने विचारलं, मग माझा भाऊ काय हवा बदलायला इथे आलाय? बाई शांत आहेत, माझ्यासारख्या नाहीत. त्यांनी समजावलं की चाचणीला फक्त जुने पदार्थ ओळखता येतात. हे नवे, कारखान्यात बनवलेले. एकावर बंदी आली की थोडा फेरफार करून दुसरा काढतात. पुडी तीच ठेवतात, कोंबडा तोच, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ठेंगूने नेहमीएवढाच घेतला असणार. आतला माल नेहमीचा नव्हता. त्याच आठवड्यात आणखी दोघं तसेच आले. त्यातला एक टॅक्सीवाला होता. तो वाचला नाही.

म्हणून हे नीट ऐक. तुझ्याकडे ज्या पुड्या आहेत त्या याच मालातल्या असणार. त्यांना हात लावू नकोस. पट्ट्यावरच्या सगळ्यांना सांग, खोलीतल्या जोडीदाराला सांग. उरलेल्या फेकू नकोस, बाई तपासायला पाठवतील. कुठून आल्या हे त्या विचारणार नाहीत, असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

आणि बाबा. इतके दिवस त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. काल मी पुड्यांबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाले, मला माहीत आहे. मग सांगितलं की त्या दिवशी फोनवर तू काय बोललास. "बाबा, ती पूड मीच पाठवली होती. मीच मारलं त्याला." एवढं म्हणून तू फोन ठेवलास, तो बंदच केलास.

मला तुझा राग आला आहे, नाना. खोटं कशाला सांगू. तू समोर असतास तर दोन कानाखाली दिल्या असत्या. पण त्यासाठी तू समोर हवास. तू कोणालाही मारलेलं नाहीस. तो आहे. मी आत्ता त्याच्या खोलीच्या काचेबाहेर बसून लिहितेय, मशीनवरची हिरवी रेघ मला इथून दिसतेय.

ताई


१७ मे

(हे कार्ड उघडं पाठवतेय, म्हणजे न वाचण्याची सोय नको. पोस्टमनदादा, तुम्ही वाचलंत तरी चालेल. वाचून त्याला मोठ्याने सांगितलंत तर उपकार होतील.)

नाना,

ठेंगू जिवंत आहे. मशीन काढलं. स्वतः श्वास घेतो.

तुझ्या खोलीतल्या जोडीदाराने काल मला फोन केला. म्हणाला, तू खोलीतच आहेस. दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतोस. माझी पाकिटं न उघडता खिडकीत ठेवली आहेस, कारण त्यात काय असणार ते तुला माहीत आहे म्हणे. काही माहीत नाही तुला, गाढवा. त्याने तुला तोंडाने सांगितलं, तर म्हणालास, मला घरी नेण्यासाठी ते असं सांगतायत. मी त्याच्या मोबाईलवर ठेंगूचा फोटो धाडला, तर म्हणालास, हा आधीचा असेल.

कोंबड्याच्या पुड्यांचा डबा उशाशी घेऊन बसतोस असंही तो म्हणाला. तो डबा त्याच्या हातात दे. आजच.

ताई


२१ मे

नाना,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. ते कोण आणतंय हे तुला एव्हाना कळलं असेल.

माझं कार्ड तू वाचलंस आणि जोडीदाराला म्हणालास, "ताईला खोटं बोलायची सवय आहे. बाबा कधी बोलत नाहीत." त्याच्याकडून फोनवर हे ऐकून क्षणभर मला तोंडात मारल्यासारखं झालं, मग पटलं. लहानपणी तुम्ही दोघं लाद्यांवरून घसरगुंडी खेळायचात आणि मी बाबांना सांगायचे की दोघं अभ्यास करतायत. फुटलेले साचे, हरवलेले चिमटे, गच्चीवरच्या विड्या, सगळ्यावर मी पांघरूण घातलं. इतकं खोटं इतक्या वर्षांत तुम्हा दोघांसाठीच बोलले, आणि आता खरं सांगतेय तर तू म्हणतोस सवय आहे.

आणि बाबांनी आयुष्यात एकदाच चुकीचं सांगितलं, ते नेमकं तू खरं मानलंस. तू तरी काय करशील. उद्या बर्फ मिळणार नाही असं ते म्हणाले की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारत नाही. त्यांचा शब्दच आडवा आला.

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच फोन करा, जोडीदाराच्या मोबाईलवर करा. ते पुन्हा क्रशरकडे गेले. मला वाटलं, मनात अढी आहे. मग मीही तोंड सोडलं. म्हटलं, तो तिकडे डबा घेऊन बसलाय आणि तुम्ही इकडे बर्फ फोडताय. एक मुलगा बर्फात घालून वाचवलात, दुसऱ्याचं काय करणार? असं बोलायला नको होतं. ते क्रशर बंद करून ऑफिसात आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. पाय ओलेच होते.

म्हणाले, "फोनवर त्याला काय वाटेल? पुन्हा बाबांचा फोन, पुन्हा तसलीच बातमी. तो उचलणार नाही. मी जातो."

मी विचारलं, आणि त्याने तुम्हाला जे सांगितलं, पुडीचं, त्याचं काय?

म्हणाले, "ते त्याने मुलगा गेलेल्या बापाला सांगितलं होतं. तो बाप मी नाही."

नाना, मी हे जसंच्या तसं लिहिलंय. एका अक्षराचीही भर घातलेली नाही. या वेळी सवय बाजूला ठेवलीय.

ठेंगूचं खरं सांगते. काल त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. हात थरथरतात, पेला धरता येत नाही. बोलता बोलता शब्द हरवतो आणि मग रागावतो. रक्त अजून मशीनने धुवावं लागतं, पण रोज नाही. पूर्वीसारखा होईल का, बाई सांगत नाहीत, आणि मी विचारायचं सोडून दिलंय. त्याला झालेलं काहीच आठवत नाही. बर्फ, पिशवी, बसस्टॉप, काही नाही. आज सकाळी बाबा निघण्याआधी त्याला भेटायला गेले. त्याने विचारलं, साच्यांवर कोण आहे? बाबा म्हणाले, मी आहे. तर म्हणाला, तुम्हाला नाही जमणार, नानाला बोलवा.

भर सीझनमध्ये कारखाना बंद ठेवून बाबा आत्ता निघतायत. गिऱ्हाइकांचे फोन मी घेतेय आणि सगळ्यांना सांगतेय की बर्फ नाही. कारण विचारलं तर सांगते, मालक मुलाला आणायला चाललेत. एवढं बोलले की रडू फुटतं आणि फोन ठेवून देते. तुझ्यामुळे गिऱ्हाइकंसुद्धा माझं रडणं ऐकायला लागलीत, हेही एकदा तुझ्याकडून वसूल करीन.

तू आलास की सगळं सोपं होईल असं नाही. पुड्यांबद्दल बोलावं लागेल. ठेंगूला कधीतरी सांगावं लागेल, आणि ते तूच सांगायचंस, मी पांघरूण घालणार नाही. टॅक्सीवाला गेला त्या दिवशी त्याची बायको बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिने मला विचारलं, तुमच्या भावाला ती पुडी कुठे मिळाली? मी म्हटलं, माहीत नाही. ते शेवटचं खोटं. तुझ्याकडचा डबा बाईंच्या टेबलावर आला तर निदान तो माल कुणा दुसरीच्या घरी पोचण्याआधी लोकांना सावध करता येईल. ते करायला तू लागतोस. जिवंत लागतोस.

दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही उघडलंस तर बाबा हे पत्र दाराखालून आत सरकवतील, पण जाणार नाहीत. लादी जमेपर्यंत साच्यापाशी बसून राहणारा माणूस आहे तो, घाई करून पाणी गोठत नाही हे त्यांना कोणी शिकवायला नको. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खाली त्यांच्यासाठी जागा सोडलीय, त्यांचं अक्षर तुला ओळखता येईल.

ताई


नाना

ठेंगू आहे. त्या दिवशी मी नीट बघितलं नाही. आज सकाळी त्याला चमच्याने पाणी पाजून मग गाडीत बसलो.

तू मला फोनवर जे सांगितलंस ते तुझं मला सांगायचं राहिलंय असं समज. घरी आल्यावर सांग. ऐकून घेईन.

दाराबाहेर बसलोय.

बाबा